संबंधित कोण?

मूल होणं ही अगदी नैसर्गिक गोष्ट आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, असं मला ज्या लोकांनी सांगितलं त्यांतले निम्मे पुरुष होते. उरलेल्या बायका हे वाक्य संपवून लगेच स्वतःच्या बाळंतपणाची अशी हकिगत सांगत, की ऐकणारीने तिथल्या तिथे संन्यास घ्यावा. मी मात्र घाबरले नव्हते. मला राग आला होता, आणि तोही बाळावर नव्हे, तर बाळाचा फोटो काढणाऱ्या गृहस्थांवर.

सोनोग्राफीच्या खोलीत मी उताणी पडले होते. पोट माझं, पोटावरचा तो गार, बुळबुळीत लेप माझ्या वाट्याचा, आतलं बाळही बऱ्याच अंशी माझंच. गृहस्थांनी पडद्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि माझ्या डोक्यावरून नवऱ्याला म्हणाले, "सगळं व्यवस्थित आहे. यांना म्हणावं, रोज थोडं चालत जा." नवऱ्याने माझ्याकडे मान वळवली आणि सांगितलं, "रोज थोडं चालत जा." मी दोघांपासून हातभर अंतरावर होते आणि मला ऐकू चांगलं येतं. मध्ये दुभाष्या घालून बोलावं इतकी मी परकी कधी झाले, ते मला कळेना. घरी येईपर्यंत मी नवऱ्याशी बोलले नाही, आणि त्याला वाटलं मी दमले.

तेव्हाच कचेरीतल्या मैत्रिणीने बर्थ प्लॅन नावाची गोष्ट सांगितली. बाळंतपणात आपल्याला काय हवं आणि काय नको हे आधीच लिहून दवाखान्यात द्यायचं. त्याने म्हणे बाईचा अनुभव सुधारतो आणि ती सक्षम होते. 'सक्षम' हा शब्द मी स्वतः आठवड्यातून चार वेळा परिपत्रकात घालते, त्यामुळे त्याच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. पण लिहून द्यायचं, हे पटलं. लिहून देणं हा माझा धंदाच आहे. मी एका मोठ्या कार्यालयात मसुदे लिहिते. सूचना, परिपत्रकं, नकार, स्मरणपत्रं, सगळं माझ्या हातचं. रुजू झाले त्या दिवशी साहेबांनी एकच नियम शिकवला होता. "बाई, कागदावर 'मी' दिसता कामा नये. कार्यालय बोलतं, माणूस बोलत नाही." तो नियम मी इतका पाळला, की पुढे किराणा दुकानदाराला चिठ्ठी लिहितानाही 'साखर पाठविण्यात यावी' असंच माझ्या हातून उतरायला लागलं.

घरात विषय काढला. सासूबाई म्हणाल्या, "बर्थ? कुठे निघालात गं? निघणार असाल तर खालचा घ्या. या दिवसांत वर चढउतार नको." मी समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे अजून व्हायचंय त्याचं इतिवृत्त." आमच्या सासूबाई वाईट नाहीत. फक्त त्यांना विचारणं हा प्रकार माहीत नाही. त्या सकाळी आमच्या खोलीचं दार ढकलून येतात, पडदे सरकवतात, माझ्या कपाटातून इस्त्रीचे कपडे घेऊन जातात, आणि जाताना दार उघडं टाकून जातात. मी एकदा 'दार वाजवत जा' असं सुचवलं होतं. त्यावर त्यांनी दाराच्या बिजागरीला तेल घातलं, कारण त्यांना वाटलं दार वाजतं अशी माझी तक्रार आहे.

तर मी लिहायला बसले. मनात एकच वाक्य होतं. 'काहीही करायच्या आधी मला विचारा.' एवढं लिहून पाकिटात घातलं असतं तर ही कथा इथेच संपली असती. पण ते वाक्य कागदावर मला फार उघडंवाघडं वाटलं. ना विषय, ना संदर्भ. म्हणून मी वर 'विषय: प्रसूतीच्या नियोजनाबाबत' आणि 'संदर्भ: सोनोग्राफी अहवाल' असं लिहिलं आणि खाली सरळ कामाला लागले. कलम एक झालं ते असं: 'प्रसूतीसंदर्भात कोणतीही कार्यवाही संबंधितांस विचारल्याखेरीज करण्यात येऊ नये.' वाचून मला स्वतःचाच अभिमान वाटला. वाक्यात कुठे म्हणून फट नव्हती.

पहिलं कलम झालं की बाकीची आपोआप येतात, हा कचेरीतला अनुभव घरीही आला. नवरा विम्याचे दावे तपासतो. जगात जे जे काही होऊ शकतं ते सगळं कुणाच्या तरी बाबतीत झालेलं आहे, हे त्याला कागदोपत्री माहीत असतं. त्याने दवाखान्याची वीज गेल्यास, लिफ्ट अडकल्यास, डॉक्टरच आजारी पडल्यास अशी तीन कलमं दिली. समोरच्या दारातल्या काकूंना तर नुसती कुणकुण पुरते. त्यांचं प्रत्येक वाक्य 'माझा अनुभव सांगते' असं सुरू होतं, म्हणून आम्ही त्यांना आपसात अनुभवकाकू म्हणतो. त्या म्हणाल्या, "माझा अनुभव सांगते, तिथे नर्सा फार खेकसतात. 'जोर लावा, जोर लावा' करून डोकं उठवतात." झालं, नववं कलम आलं: 'जोर लावा असे ओरडण्यात येऊ नये.' दहावं बाळंतपणाच्या एका पुस्तकातून घेतलं: 'प्रसूतिकक्षात शांतता राखण्यात यावी.' ही शांतता नेमकी कोण मोडणार आहे याचा मी तेव्हा विचार केला नाही.

आता हे द्यायचं कुठे? पाकिटावर मी ठळक अक्षरात 'प्रसूती योजना' लिहिलं होतं. बर्थ प्लॅनला दुसरं काय म्हणणार? दवाखान्यातल्या दरवानाने अक्षरं वाचली आणि मला 'योजना कक्ष' अशी पाटी असलेल्या खिडकीपुढे उभं केलं. रांग संपली तेव्हा आतल्या गृहस्थांनी विचारलं,

"कोणती योजना?"

"माझी."

"तुमची म्हणजे सरकारची की विम्याची?"

"माझी स्वतःची."

"उत्पन्नाचा दाखला?"

"उत्पन्नाचा काय संबंध? मला काही मिळवायचं नाहीये. मला सांगायचंय."

त्यांनी चष्मा काढला. "बाई, योजना म्हणजे तिथे लाभार्थी लागतो. तुम्ही लाभार्थी आहात का?" मी पोटाकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. मग त्यांनी समजुतीच्या स्वरात पुढच्या खिडकीत जा म्हणून सांगितलं. एव्हाना माझ्यातली कर्मचारी जागी झाली होती. कागद दिला की पोच घ्यायची, आवक क्रमांक घ्यायचा, त्याशिवाय खिडकी सोडायची नाही. हे मी बजावून सांगितलं, तेव्हा पुढच्या खिडकीतला कारकून चांगलाच पेचात पडला. "आवक क्रमांक देतो हो, पण टाकू कशात? आमच्याकडे अर्ज दोनच प्रकारचे येतात. एक सवलतीचा आणि एक तक्रारीचा. सवलत तर तुम्हाला नको." एवढं बोलून त्याने कागदावर धाडकन शिक्का मारला. शिक्का जांभळा होता आणि त्यावर 'तक्रार' असं लिहिलेलं होतं. पोच मात्र मिळाली.

पुढच्या आठवड्यात घरी पत्र आलं. 'आपली प्रसूतीबाबतची तक्रार प्राप्त झाली असून प्रकरण लवकरात लवकर निकाली काढण्यात येईल.' मला आठवा महिना होता. सासूबाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "अजून झालंच नाही तर तक्रार कसली?" अनुभवकाकूंनी मात्र सांगितलं, की असं लेखी काहीतरी असलेलं बरं.

त्या दिवसापासून दवाखान्यात माझी वट वाढली, पण ती नको तशी. तपासणीला गेले की दोन नर्सांत कुजबूज होई, "त्याच. तक्रारवाल्या बाई." वजनकाट्यावर उभी राहिले तर आकडा मला न सांगता कागदावर लिहून, कागद घडी करून हातात देत. पूर्वी माझ्याशी कुणी बोलत नव्हतं, आता घाबरून बोलत नव्हतं. एवढ्या खटपटीची ही कमाई. डॉक्टरीणबाईंपुढे मी योजनेची प्रत ठेवली. त्यांनी पहिलं पान पाहिलं, शेवटचं पाहिलं, कोपऱ्यात 'पाहिले' असा शेरा मारून सही केली. 'पाहिले' या शेऱ्याचा अर्थ मला सांगायला नको. रोज मीच मारते. त्याचा अर्थ, वाचले नाही.

अखेर एका सकाळी, मी दात घासत असताना, पहिली कळ आली. नवऱ्याने कलमांची प्रत, सासूबाईंनी दुपट्यांची पिशवी आणि अनुभवकाकूंनी स्वतःला बरोबर घेतलं आणि आम्ही दवाखान्यात पोचलो. तिथल्या मोठ्या सिस्टरनी माझ्या कागदांवरचा जांभळा शिक्का पाहिला आणि एकदम ताठ उभ्या राहिल्या. प्रत्येक कलम त्यांनी पाठ केलेलं दिसत होतं.

दुपारपर्यंत मी येरझाऱ्या घातल्या, उठले, बसले, भिंतीला डोकं टेकून उभी राहिले. कळा येत होत्या, पण गाडी पुढे सरकेना. डॉक्टरीणबाई आल्या, तपासलं आणि सिस्टरना हळूच म्हणाल्या, "कळा वाढवायचं सलाईन लावावं लागेल असं दिसतंय." सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, कलम एक आहे. संबंधितांना विचारल्याखेरीज नाही." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मग विचारा."

मी पलंगावर उठून बसले. इतके महिने ज्या क्षणासाठी झटले तो आला होता. आता मला विचारणार. मी केस मागे सारले. सिस्टर माझ्यासमोरून चालत गेल्या, दार उघडलं आणि बाहेरच्या बाकाकडे पाहून म्हणाल्या, "तक्रारवाल्या बाईंचे संबंधित कोण?"

बाहेरून एकदम तीन आवाज आले. "मी."

दार अर्धवट उघडं होतं, त्यामुळे मला सभेचं कामकाज नीट ऐकू येत होतं. नवरा विचारत होता, "यात धोका साधारण किती टक्के?" सासूबाई म्हणाल्या, "लावा हो. सुटू दे एकदाची." अनुभवकाकू म्हणाल्या, "माझा अनुभव सांगते, मुळीच लावू नका." मग नवरा म्हणाला, की दोन्ही बाजूंना तथ्य आहे. मग काकूंनी आपल्या दुसऱ्या खेपेची हकिगत मुळापासून सुरू केली. सिस्टर परत आल्या आणि खालमानेने म्हणाल्या, "मॅडम, संबंधितांत एकमत नाही."

तेवढ्यात मला अशी कळ आली, की डोळ्यांपुढे काजवे चमकले. ती ओसरली तेव्हा मला माझं कलम एक स्पष्ट दिसत होतं. संबंधित. असला शब्द, ज्यात सगळी आळी मावते आणि मी तेवढी बाहेर राहते. तो शब्द दवाखान्याने घातला नव्हता, मीच घातला होता, आणि वर त्याचा अभिमान धरला होता. मी पलंगावरून उतरले. दवाखान्याचा झगा मागून उघडा असतो, याची मला आठवण होती, पण पर्वा नव्हती. भिंत धरत मी दारापर्यंत गेले. बाकावरचे तिघेही उठून उभे राहिले, साहेब आल्यावर उठतात तसे.

"संबंधित म्हणजे मी," मी म्हटलं.

"अगं, पण तू तर पेशंट," नवरा म्हणाला. त्याचा हेतू वाईट नव्हता, हे मी नोंदवून ठेवते.

"पेशंट मी, संबंधित मी, बाळंतीण मी. ज्याला काय विचारायचं ते मला विचारा."

कित्येक वर्षांत मी एका दमात इतक्यांदा 'मी' म्हटलं नव्हतं. बोलताना जीभ अडखळली. काकूसुद्धा बोलल्या नाहीत, हा त्यांचा स्वतःचाच पहिला अनुभव असावा. सासूबाई माझ्याकडे टक लावून पाहत राहिल्या आणि मग खाली बसल्या.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढली आणि पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहून बोलल्या. सलाईन कशाला, लावलं तर काय, नाही लावलं तर काय, थांबता येईल ते कुठवर. सगळं साध्या भाषेत. मी दोन महिने त्या सलाईनविरुद्ध वाचलं होतं, माझं सहावं कलम त्याच्यावरच होतं. मी म्हटलं, "अजून थोडी चालते. नाही जमलं तर लावा." त्या म्हणाल्या, "चालेल." मी चालले. नाही जमलं. सलाईन लावलं. एवढ्या रामायणानंतर शेवटी सासूबाई म्हणत होत्या तेच झालं, हे मी त्यांना आजवर बोलून दाखवलेलं नाही. पण ते लागताना मला रडू आलं नाही, कारण ते लावा असं मी म्हटलं होतं.

सलाईनने आपलं काम चोख केलं. नवऱ्याने आत माझ्याजवळ असावं, असं एक कलम होतं, आणि तो आला होताही. पण ऐन वेळी खिडकीतून निरोप आला, की तक्रार प्रलंबित असेल तर पुढचे कागद निघत नाहीत, संबंधितांनी सहीला यावं. तो गेला. सासूबाई दारात उभ्या राहिल्या. कलम दहाप्रमाणे सगळ्यांनी शांतता राखली होती, आणि मी एकटी अशी किंचाळत होते, की खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल. सिस्टर माझ्या कानाशी वाकल्या. त्यांना नववं कलम पाठ होतं. अत्यंत मृदू आवाजात त्या म्हणाल्या, "बाई, आता आपल्याकडून जोर लावण्यात यावा, ही विनंती."

माझीच भाषा. त्या घटकेला मला तिची जी शिसारी आली ती शब्दांत सांगता येणार नाही. "सिस्टर, तुमच्या पाया पडते, सरळ बोला."

"नक्की? तक्रार नाही ना करणार?"

"नाही."

सिस्टरनी बाह्या सरसावल्या. "मग लाव गं बाई जोर, लाव, आलं, आलं, सोडू नको, लाव." त्या ओरडल्या, मी ओरडले, आणि आमच्या दोघींच्या आवाजांत एक तिसरा, बारीक, चिडलेला आवाज मिसळला.

बाळाला पुसून सिस्टरनी दुपट्यात गुंडाळलं आणि नेहमीच्या सवयीने तरातरा दाराकडे निघाल्या. मी उताणी पडून वरच्या दिव्याकडे बघत होते. मुलगा की मुलगी, ठीक आहे की नाही, मला काहीच माहीत नव्हतं आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. दारात सासूबाई होत्या. सिस्टर म्हणाल्या, "आजी, ऐका, तुम्हाला..."

"मला नको," सासूबाई म्हणाल्या. "आधी तिला सांगा."

सिस्टर थबकल्या, माघारी फिरल्या आणि माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, "मुलगी आहे. छान आहे. घेता?" मी हात पुढे केले. सासूबाई माझ्या उशाशी आल्या. बराच वेळ त्या मुलीकडे पाहत होत्या, मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुझा नवरा झाला तेव्हा आधी बाहेर सांगितलं. बाहेर सगळ्यांचं तोंड गोड करून झालं, मग कुणाला तरी माझी आठवण झाली. तोवर मी आपली पडून होते. जगलं की गेलं, तेही माहीत नव्हतं." मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो धरू दिला, मग सोडवून घेतला आणि दुपटं नीट गुंडाळलेलं नाही म्हणून सिस्टरना ऐकवायला सुरुवात केली.

घरी आल्यावर शेवटचं पत्र आलं. 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले असून समाधान झाल्याबाबत संबंधितांनी खाली स्वाक्षरी करावी.' नवऱ्याने खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि ते मुकाट्याने माझ्यापुढे धरलं. इतका धडा त्याला पुरला. मी 'संबंधितांनी' खोडून वर 'मी' लिहिलं आणि सही केली. असल्या खाडाखोडीचे कागद आमच्या कार्यालयात परत पाठवतात. हा अजून परत आलेला नाही.

परवा सकाळची गोष्ट. मुलगी रात्रभर जागून नुकती झोपली होती आणि मी आडवी होऊन डोळे मिटतच होते, तेवढ्यात दारावर टकटक झाली. आमच्या घरात दार वाजवणारा माणूस एकच, वीजमीटर बघायला येणारा. मी म्हटलं, "मीटर जिन्याखाली आहे."

"मी आहे," सासूबाईंचा आवाज आला. "आत येऊ का?"

मला भरून आलं, खरंच आलं. पण डोळ्यांवर झोपही तितकीच आली होती. मी म्हटलं, "थोड्या वेळाने याल का?"



"बघ," त्या दाराबाहेरून म्हणाल्या. "विचारलं की हे असं होतं. म्हणून कुणी विचारत नाही." आणि पुटपुटत स्वयंपाकघराकडे गेल्या. पण दार त्यांनी ढकललं नाही.